चिमाईचा विस्तव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. काडेपेटी अजून घाट चढून धामणखोऱ्यात आली नव्हती, एवढं कळलं म्हणजे पुरे. तेव्हा विस्तव मागून आणावा लागे. सकाळी चूल विझलेली दिसली की बाई फुटकं खापर घ्यायची, त्यात गोवरीचा तुकडा ठेवायची आणि दुसरीच्या दारात जाऊन म्हणायची, "विस्तव दे गं." गारगोटीची ठिणगी त्यांना ठाऊक नव्हती का? होती. पण तो रानातला विस्तव. घरच्या चुलीला बाईनं हातानं दिलेलाच विस्तव लागे. आणि ज्या घराची चूल थंड, ते घरच नव्हे. तिथं सुनेला नांदायला धाडायचं नाही, असा पंचांचा रिवाज होता.

धामणखोऱ्यात विस्तव हमखास मिळायचा तो लोहाराकडे. लोहार भात्याशी बसायचा आणि उंबऱ्यावर त्याची बायको चिमा, हातात सांडशी घेऊन. निखारा उचलून खापरात टाकायची आणि बदल्यात घराघरातली बातमी काढून घ्यायची. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, सगळं आधी चिमाला. बायका "चिमाकाकी, चिमाकाकी" करत तिच्याभोवती जमायच्या आणि तिला ते फार आवडायचं. का नाही आवडणार? लेकरू नव्हतं, अंगावर सोनं नव्हतं, हा एवढाच मान होता. खापर पुढे करणारे हात कधी काळेनिळे असायचे. तेही तिला दिसायचं बरं का! मग ती म्हणायची, "सोस बाई," आणि निखारा जरा मोठा द्यायची. तिला वाटायचं, हीच माया.

मग आली रंगू. पालावरची बाई. नवऱ्यानं दंडावर डाग दिलेला, तो अजून ओला होता. तिच्या लोकांची पालं पुढच्या गावाला गेली आणि ही मागे राहिली. कमरेवर मडकं, मडक्यात राख, राखेत तिच्या आईच्या चुलीतला विस्तव. ती लोहाराच्या दारात थांबली तशी चिमानं नाक मुरडलं. "पालावरच्यांना आमच्या भट्टीतला विस्तव मिळत नाही हं."

"मागायला न्हाई आले बाई," रंगू म्हणाली. "माझा माझ्यापाशी आहे. ओढ्यापलीकडं करंजाखाली बसू का, एवढंच विचारते."

झोंबलं की चिमाला! जिला तिच्याकडून काहीच नको, अशी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. असं म्हणतात, त्या साली ओढा तीर सोडून धावला इतका पाऊस झाला, पण करंजाखालची रंगूची आगटी काही विझली नाही.

आता ठकूचं ऐका. ठकू ही भैरूची बायको, आणि भैरू म्हणजे गाडीला बैल नसला तर स्वतःला जुंपून घेईल असा दांडगा गडी. बाहेर कुणाला "अरे" म्हणायचा नाही. घरात मात्र कालवणात मीठ कमी पडलं की हात उचलायचा. ठकूनं चिमाचं "सोस बाई" किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. एका सकाळी ती कपाळ फुटलेलं घेऊन आली. चिमानं सवयीनं सांडशी उचलली, आणि ठकू तिच्यासमोरून सरळ निघून गेली. ओढा ओलांडला आणि रंगूच्या आगटीशी जाऊन बसली. रंगूनं जखम धुतली, भाकरी दिली आणि म्हणाली, "बस." मागून भैरू काठी घेऊन धावला. असं म्हणतात, आगटीचा जाळ करंजाच्या शेंड्याला टेकला आणि भैरूच्या मिशा होरपळल्या. जाळाचं तुम्ही ठरवा. मिशांचं मला तरी खरं वाटतं.

झालं! बायका करंजाखाली जायला लागल्या. आधी परटीण, मग कुंभारीण, मग गावकुसाबाहेरच्या, ज्यांना चिमानं लांबूनच निखारा टाकलेला. येताना खापरात रंगूचाच विस्तव घेऊन यायच्या. चिमाचा उंबरा ओस पडला. ती सांडशी घेऊन बसायची आणि ओढ्यापलीकडून हसण्याचे आवाज यायचे. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. काय आहे त्या बयेत? रूप नाही, घर नाही, जात सांगायची सोय नाही! एकदा ती शेण वेचायच्या निमित्तानं ओढ्यापर्यंत गेली आणि झुडपाआडून पाहत राहिली. ठकू हसत होती. एवढी वर्षं चिमानं तिला निखारे दिले, पण तिचे दात कसे आहेत ते कधी दिसलं नव्हतं. चिमा तशीच परत फिरली आणि घरी येऊन विनाकारण नवऱ्यावर खेकसली.

पुढं बायकांनी करंजाखाली बसून ठरवलं, की भैरूच्या घराला कुणी विस्तव द्यायचा नाही. पाटलाच्या सुनेपासून पालावरच्या बाईपर्यंत सगळ्या एकमेकींच्या हातावर हात ठेवून बोलल्या. शेजारच्या वाड्यांनाही निरोप गेले. चूल थंड राहील तोवर पंचसुद्धा ठकूला तिथं धाडू शकणार नव्हते. चिमाला विचारायला रंगू स्वतः आली.

"काकी, भट्टी तुमची मोठी. तुमच्याबिगर हे व्हायचं न्हाई."

दुसरी कुणी हे म्हणाली असती तर चिमा फुलून गेली असती. पण हिनं म्हणावं? माझ्याच दारात येऊन मला मोठेपणा देते! चिमा तोंडानं "बरं" म्हणाली.

भैरूच्या चुलीत मांजर झोपायला लागलं. तो भिजवलेले हरभरे खायचा, कच्चं पीठ पाण्यात कालवून प्यायचा. दारोदार खापर घेऊन फिरला, पण बायका आत निघून जायच्या. गावातले गडी त्याला हसायला लागले. तो वाकायच्या बेतात आला होता. करंजाखाली जायचं, सगळ्यांदेखत कबूल व्हायचं आणि ठकू म्हणेल तसं वागायचं, एवढंच उरलं होतं.

त्याऐवजी तो चिमाच्या दारात आला. पाया पडला. "चिमाकाकी, गावाचा विस्तव तुमचा. त्या पालावरचीचा कधीपासून झाला?"

बस्स. हेच ऐकायला तिचा जीव आसुसला होता. तिनं सांडशी उचलली आणि चांगला मोठा निखारा त्याच्या खापरात टाकला.

दुपारपर्यंत भैरूच्या घरातून धूर निघाला. पंचांनी धूर पाहिला आणि म्हणाले, चूल पेटली, आता सुनेनं नांदायला जायला हवं. बायका भांडल्या, रंगू वाटेत आडवी पडली, पण रिवाज तो रिवाज. भैरूनं ठकूचं मनगट धरलं आणि भर गावातून तिला घेऊन निघाला. लोहाराच्या दाराशी आल्यावर ठकू थांबली.

"काकी," ती म्हणाली, "विस्तव तुमचाच ना?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. असं म्हणतात, त्याच क्षणी लोहाराची भट्टी विझली. लोहार भाता दाबतोय, दाबतोय, नुसता वारा!

चिमा उठली. सांडशीसुद्धा घ्यायचं सुचलं नाही. पदर खोचून धावत सुटली ती भैरूच्या घरात शिरली, चुलीपुढं बसली आणि जळते निखारे ओंजळीत भरून घेतले.

"काकी, खुळ्या झालात का!" ठकूला ओढत मागोमाग आलेला भैरू ओरडला. "दिलेला विस्तव कुणी परत नेतं का?"

"मी नेते," चिमा म्हणाली. "माझा आहे. मी जळून दिला होता." मग चुलीवर पाण्याची घागर पालथी केली पायानं, आणि ठकूला म्हणाली, "चल पोरी. इथं घर न्हाई."

ओंजळीत निखारे घेऊन ती सगळ्या गावातून चालत गेली, मागे ठकू, आणि घराघरातून बायका बाहेर येऊन त्यांच्यामागे. ती मोठ्यानं सांगत होती, "मीच दिला होता! त्या रंगूवर जळून दिला होता!" भैरू दारातच उभा राहिला. एवढ्या बायकांतून वाट काढायची त्याची छाती झाली नाही. असं म्हणतात, चिमाचे हात जराही भाजले नाहीत. लोहाराच्या घरातले मात्र सांगतात की भाजले, चांगले भाजले, आणि जन्मभर तिला मूठ मिटता आली नाही.

तिनं निखारे रंगूच्या आगटीत ओतले. रंगूनं कोरफडीचा गर काढला आणि तिच्या हातांना लावला. ठकू पुन्हा कधी त्या घरी गेली नाही. तिनं करंजापलीकडं स्वतःची चूल मांडली.

आणि चिमाचा मत्सर गेला का? छे हो! दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत एका आगटीशी बसल्या आणि म्हाताऱ्या होईपर्यंत भांडल्या. "लोक तुझंच नाव घेणार, मला ठाऊक आहे," चिमा म्हणायची, आणि रंगू तिला घास भरवायची, कारण तिच्या हातात भाकरी धरवत नव्हती.

करंजाखाली रंगूच्या नावाचा शेंदूर लावलेला दगड आहे. चिमाईचा दगड नाही, देऊळ नाही. पण धामणखोऱ्यात आजही कुठल्या घरात बाईवर हात उठला, मग ती पाटलाची असो नाहीतर पालावरची, की आजूबाजूच्या बायका उठतात. दार वाजवत नाहीत, भांडत नाहीत. थेट चुलीपाशी जातात. "चिमाईचा विस्तव आहे, परत न्यायला आलो," एवढंच म्हणतात. चूल असली तर निखारे काढून नेतात. आता बहुतेक घरांत गॅस आलाय, तर रेग्युलेटर काढून पदरात बांधतात. मग तो मागायला नवरा येतो, सासू येते, कधी सरपंचही येऊन बसतो. त्यांना चहा मिळतो. रेग्युलेटर मिळत नाही. तो त्या घरच्या बाईनं स्वतः येऊन मागितला तरच द्यायचा, आणि तिनं नाही मागितला, तर तिला नवी चूल मांडून द्यायची.