गौरा झोपेपर्यंत

“...आणि पोरीचं काय?” आप्पांनी मध्येच विचारलं.

इरण्णा थबकला. त्याचं बोलणं अजून पुरतं संपलं नव्हतं.

मठातली पंगत नुकतीच उठली होती. ओट्यावर मठाचे म्हातारे आप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि पुढ्यात इरण्णा. त्याची चार वर्षांची गौरा त्याच्या सदऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

इरण्णा म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. सूतगिरणीत कताईखात्याचा जॉबर होता तो. पाळीभरची माणसं त्याच्या हाताखाली. रात्रपाळी तर तो मागून घ्यायचा. रात्री वरचे साहेब नसायचे, आख्खं खातं त्याच्या एकट्याचं असायचं. तो मान त्याला फार गोड लागायचा.

मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. फाटकाला कुलूप, आत सगळं गप्प.

“तिला विजापूरला ठेवतो, आत्याकडे,” इरण्णा म्हणाला. “आई तर तिची बाळंतपणातच गेली. शेजारच्या काशव्वानं सांभाळली आजवर, पण ती आता थकली. मला लांब गुजरातेत जागा मिळतेय आप्पा. तेच खातं, तोच मान. तुमचा आशीर्वाद घेतला की निघालो.”

“आणि इथं?”

“इथं काय आहे? चुलतभाऊ म्हणतो, पिको-फॉलची मशीन घे, घरीच बस, पोरीकडे लक्ष राहील.” इरण्णा कडवट हसला. “म्हणजे जॉबर इरण्णा आता बायकांच्या साड्यांना फॉल लावणार.”

“चांगलं दिसेल की,” आप्पा म्हणाले.

“थट्टा करू नका आप्पा. काय करू ते सांगा.”

आप्पांनी गौराकडे पाहिलं. सदऱ्याचं टोक आता तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

“ज्याच्याबद्दल बोलायचं ते लेकरू ऐकतंय. त्याच्यादेखत मी बोलत नाही. आधी तिला झोपव, मग सांगतो.”

“मी?”

“मग काय, मी?”

इरण्णानं पोरीला मांडीवर घेतलं आणि थोपटायला लागला.

“पोतं झटकतोयस का रे?” आप्पा डोळे मिटूनच म्हणाले.

त्यानं हात हलका केला. अंगाई आठवून पाहिली. एकही आठवेना. गौरा टक्क उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत होती, परक्या माणसाकडे पाहावं तशी.

“काशव्वा असं नाही करत,” ती म्हणाली.

“मग कसं करते?”

“खिडकी उघडते.”

“खिडकी? ती कशाला?”

“ते घूं घूं येतं ना, त्याला.” ती जरा थांबली. “आता नाही येत.”

इरण्णाचा हात जागीच राहिला.

त्यांच्या चाळीची मागची खिडकी गिरणीकडे उघडायची. रात्रभर यंत्रांची घरघर तिथून आत येई.

“काशव्वा सांगायची,” गौरा म्हणाली, “ते माझे बाबा वाजवतात. मला झोप यावी म्हणून.”

...

त्या आवाजात इरण्णा कितीतरी रात्री उभा राहिला होता. एकदाही, अगदी एकदाही, त्याच्या मनात आलं नव्हतं की पलीकडे कुणी कान देऊन पडलंय. साहेब ऐकतील, हाताखालची माणसं ऐकतील, एवढाच त्याचा हिशेब. घरी यायचा तेव्हा पोर झोपलेली असायची, आणि त्याला वाटायचं, पोरं झोपतातच की.

आप्पा डोळे मिटून बसले होते. ऐकत होते की नव्हते, देव जाणे.

मग इरण्णानं ओठ मिटले आणि घशातून आवाज काढला. खालचा, एका लयीतला. घूंऽऽ...

गौरानं मान तिरकी करून ऐकलं. “एवढा बारीक नाही,” तिनं बजावलं. “मोठा असतो.”

त्यानं आवाज छातीतून काढला. तिनं कान तिथं टेकवला.

मध्येच त्याचा आवाज तुटला. ती लगेच चुळबुळली. त्यानं पुन्हा सुरू केला. उन्हाची पट्टी ओट्यावरून सरकत खाली अंगणात उतरली. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, पण पाय हलवायचा धीर त्याला होईना.

पोरीची मूठ हळूहळू सैल झाली. सदरा सुटला. तरी इरण्णा थांबला नाही. थांबलो तर जागी होईल, असं त्याला वाटत राहिलं. तिच्या एका भुवईत बारीकसा तीळ होता. तो त्याला आजच दिसला.

किती वेळानं कोण जाणे, त्यानं मान वर केली. आप्पा त्याच्याकडेच पाहत होते.

“झोपली, आप्पा,” तो म्हणाला. मग आवाज चढला त्याचा, आपसूकच. “आता तरी सांगा. माणूस कामावरनं सुटला की त्याला कोण ओळखतं? तिकडं जाऊ, का इथं राहू? मी आता कोण म्हणून जगू?”

आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल इरण्णा... कामावर आहेस.”