हंसाचे गार पाय

उत्तरेच्या डोंगरांत, हिवाळ्यात गोठणाऱ्या एका सरोवराकाठी, एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह राहत असत. शिष्य गोदाकाठचा, बर्फातला हा त्याचा पहिलाच हिवाळा. एके सकाळी जाळ्यात अडकून पंख दुखावलेला एक हंस त्याला सापडला.

शिष्याने त्याला उचलून घरात आणले, पंखाला लेप लावला. पायांना हात लागला मात्र, तो दचकला. पाय बर्फासारखे गार होते. हा काही जगत नाही, असे वाटून त्याने पायांना लोकर गुंडाळली आणि पेटती शेगडी जवळ ओढली. थोड्याच वेळात हंस चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला. शिष्याने घाबरून निखारे आणखी फुलवले.

इतक्यात वैद्य आले. त्यांनी मुकाट्याने लोकर सोडली, हंसाला उचलले आणि बाहेर नेऊन थेट बर्फावर उभे केले.

“गुरुजी, काय करता हे? मरेल तो!” शिष्याचा आवाज चढला. असला निर्दयपणा शिकायला आपण इतक्या दूर आलो का, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

“त्याच्या पोटाखाली, पिसांत हात घाल,” वैद्य म्हणाले.

शिष्याने घुश्शातच हात घातला. आत चांगलीच ऊब होती. हळूहळू धाप ओसरली आणि हंसाने मान वळवून पाठीवरच्या पिसांत खुपसली.

“पाय इतके गार आणि अंग इतके गरम? हे कसे?”

“पायाकडे उतरणारे रक्त ऊन असते, पायाकडून चढणारे थंड,” वैद्य सांगू लागले. “त्याच्या पायात या रक्ताच्या दोन वाहिन्या एकमेकींना चिकटून, पण उलट दिशांनी वाहतात. उतरणारे रक्त आपली ऊब वाटेतच चढणाऱ्याला देऊन टाकते. दोन्ही एकाच दिशेने वाहत असती, तर लवकरच सारखी कोमट होऊन देणेघेणे थांबले असते. उलट वाहतात म्हणून प्रत्येक टप्प्यावर उतरणारे चढणाऱ्याहून थोडे ऊनच राहते, आणि देणे शेवटपर्यंत चालते. पंजापर्यंत पोहोचते ती जेमतेम न गोठण्यापुरती ऊब. बाकीची अंगात परतते. पाय गार असणे हीच त्याची प्रकृती आहे, बाळा. शेगडी तू जवळ ओढलीस, ती तुला वाजणाऱ्या थंडीसाठी.”

शिष्याने आत जाऊन सोडलेली लोकर घडी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी एका मेंढपाळाची म्हातारी आई खोकत दारात आली. शिष्याचा हात सवयीने काढ्याच्या भांड्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

“बसा आजी,” तो म्हणाला, “तुम्हाला काय होतंय, ते आधी तुम्ही सांगा.”

म्हातारी सांगत राहिली. तो ऐकत राहिला.