घरचा नारळ

"आणि तिसरा नारळ कुणाचा?"

केशरगिरी गोसाव्यांनी विचारलं, तेव्हा त्यांचा शिष्य हैबत गुडघाभर पाण्यात उभा होता. उद्या पहिल्यांदाच आरमारातलं एक गलबत त्याच्या हुकमाखाली निघणार होतं. नव्या सरदारानं आदल्या दिवशी थोर दर्यावीरांच्या नावानं दर्यात नारळ सोडायचे, अशी त्या बंदराची रीत होती.

"पहिला मायनाक भंडाऱ्यांचा, दुसरा कान्होजी आंग्र्यांचा. महाराज, आशीर्वाद द्या. मला त्यांच्यासारखं व्हायचंय."

असं म्हणून पठ्ठ्यानं दोन्ही नारळ भिरकावले, जणू तोफच डागतोय. लाटेनं ते मुकाट्यानं परत आणून दिले.

"तिसरा घरच्या माणसाचा असतो. तुझे आजोबाही सरदार होते ना?"

हैबतचा चेहरा उतरला.

"त्यांचं नाव नको. भर लढाईतून गलबत माघारी फिरवलं त्यांनी. बंदरावर अजून आम्हाला पळपुट्याचं घर म्हणतात. तो डाग पुसायलाच तर चाललोय. गलबतासकट बुडेन, पण पाठ दाखवणार नाही."

"आणि गलबतावरची माणसं?"

"तीही बुडतील. नाव तर राहील!"



गोसावी पाण्यात उतरले आणि वाकून त्यांनी हैबतचे पाय धरले.

हैबत दचकून मागे सरला. "महाराज! हे काय उलटंच?"

"तुझ्या आजोबांचे धरायचे राहून गेले होते रे. त्या गलबतावर वल्हं मारायला मी होतो. मिसरूडही फुटलं नव्हतं. शीड फाटलेलं, तोफांची दारू संपलेली, समोर शत्रूची पाच जहाजं. त्यांनी सुकाणू फिरवलं... आम्ही सगळे घरी आलो. माझ्या आईनं माझी दृष्ट काढली. त्याच दिवशी धक्क्यावर लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकलं. ते एका शब्दानं बोलले नाहीत."

 गोसाव्यांच्या मनावर इतक्या वर्षांचं उपकाराचं ओझं होतं.



"बाळोजी," हैबत दर्याकडे बघत म्हणाला. आजोबांचं नाव त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं होतं. डोळे पुसून त्यानं तिसरा नारळ उचलला आणि फेकायला हात उगारला.

गोसाव्यांनी त्याचं मनगट धरलं.

"फेकू नकोस, पोरा. हळूच सोड. आम्हाला त्यांनी असंच किनाऱ्याला लावलं होतं."