गुलाबाला विळा लावायचा नाही

किती जुनी म्हणून विचारू नका, पण फार जुनी गोष्ट आहे. एका राजाला गुलाबाचं भारी वेड. वेड फुलांचं बरं का, झाडाची समज मात्र शून्य! पावसाळा सरल्यावर एकदा त्याने आपल्या माळ्याला गुलाबाची छाटणी करताना पाहिलं. गुडघ्याएवढे उरलेले खुंट बघून राजाचं डोकंच फिरलं. लगेच दवंडी पिटली, "गुलाबाला जो विळा लावील, त्याचा हात मनगटापासून तोडला जाईल!"

झालं! घरोघरचे विळे अडगळीत जाऊन पडले.

त्या राज्यात चिमाबाई नावाची एकटी बाई राहायची. तिच्या अंगणात एकच गुलाब, लेकीने सासरी जाताना लावलेला. लेक पुढे पहिल्या बाळंतपणात गेली. चिमाबाई रोज सकाळी झाडाला पाणी घालायची आणि उमललेल्या फुलाशी दोन शब्द बोलायची. तिला दुसरं होतंच कोण?

एके दिवशी तिला एका फांदीचा शेंडा काळा दिसला. नखाएवढाच. हा रोग तिच्या माहितीतला होता. काळं संपतं त्याच्या चार बोटं खाली, हिरव्या लाकडात फांदी कापायची, की झाड वाचतं. एवढंसं काम! पण विळा हातात घेतला की तिला स्वतःचं मनगट दिसायचं आणि ती विळा परत ठेवून द्यायची.

"उद्या बघू," ती म्हणाली. उद्या काळं बोटभर खाली आलं. चार दिवसांत वीतभर. दाराबाहेर पावलं वाजली तरी ती दचकायची.

मग कोतवाल झाडं तपासायला आला. चिमाबाईने धीर करून हात जोडले. "कोतवालदादा, एवढी फांदी कापू द्या हो. नाहीतर झाड जाईल माझं."

कोतवालाने घाबरून मागे पाहिलं. "हळू बोला, बाई! माझ्या अंगणातही हेच चाललंय. मी तोंड उघडलं का?"

"मग राजाला सांगा की!"

"मी? मला पोरंबाळं आहेत, चिमाबाई." आणि तो भराभरा निघून गेला.

काळं बुंध्यापर्यंत उतरलं, तेव्हा मात्र चिमाबाईला राहवेना. भर दुपारी तिने विळा काढला, डोळे मिटले आणि घाव घातला. फांदीचा गाभा काळा होता. तिने आणखी खाली कापलं. तिथेही काळा. पार जमिनीपर्यंत कापत गेली, अरे देवा, थांबायला हिरवं कुठे उरलंच नव्हतं!

कुणीतरी पाहिलंच, आणि शिपायांनी तिला धरून राजासमोर उभं केलं. तिने कापलेला बुंधा पुढे धरला.

"मीच कापलं, महाराज. हात तोडा. पण आधी हा गाभा बघा. पहिल्याच दिवशी कापलं असतं तर झाड जगलं असतं. मी तुम्हाला भ्यायले."

तेवढ्यात राजाचा माळी पुढे येऊन राजाच्या पाया पडला. "महाराज, आपली बागही अशीच गेलीय. महिनाभर मी वाळक्या फांद्यांना दुसऱ्या झाडांची पानं बांधतोय."

"मला कुणी सांगितलं का नाही?" राजा ओरडला.

सगळ्यांचे हात आपापल्या मनगटाकडे गेले. मग राजाचं राजालाच कळलं, आणि त्याची मान खाली गेली. त्याने हुकूम मागे घेतला, चिमाबाईला सोडलं. पण तोवर रोग घरोघर पसरला होता; राज्यात कलम करायला गुलाबाची एक हिरवी काडी शिल्लक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने चिमाबाई पाण्याची कळशी घेऊन अंगणात आली. तिथे काहीच नव्हतं. कळशी खाली ठेवून ती लेकीच्या नावाने मोठ्यांदा रडली.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: भीतीपोटी टाळलेला वेळेवरचा छोटा घाव पुढे सगळं मुळासकट घेऊन जातो.