दौलूचं दार

लढाई संपली आणि तिच्यातल्या गाड्या भंगारात निघाल्या, तेव्हाची ही गोष्ट. एका हौशी शेठने लष्कराचा जुना ट्रक घेऊन दुरुस्तीला टाकला. ट्रकच्या उजव्या दारात गोळीचं भोक होतं. त्याच गोळीने त्याचा ड्रायव्हर दौलू गेला होता. पण जखमी जवानांना छावणीत पोचवून मगच त्याने स्टिअरिंगवर मान टाकली.

हातोडा जवळ आला तसा ट्रक कळवळला. "हातोडेदादा, इंजिन काढा, टायर काढा, पण तेवढं भोक राहू द्या. माझ्यापाशी दौलूचं तेवढंच उरलंय."

"मला कोण विचारतं, बाबा? मिस्त्री उचलतो, मी पडतो."

भोक बुजलं. वर पुट्टी आणि हिरवा रंग चढला.

शेठने येऊन नाक मुरडलं. "मिस्त्री, हा लढाईतला वाटतच नाही हो! दोन-चार गोळ्यांची भोकं पाडा की."

उजव्या दाराचा रंग ओला होता, म्हणून मिस्त्रीने डाव्या दारात भोकं पाडली.

जत्रेत लोक त्यांत बोटं घालून हळहळू लागले. "उजवं दार बघा!" असं ट्रक सुरुवातीला ओरडायचा. कुणाला ऐकू जात नसे.

हल्ली तो गप्प असतो. दौलूला गोळी कुठल्या दारातून लागली, ते त्यालाही आता नीट आठवत नाही.