ज्याला खडखडाट ऐकू येत नसे

"मग टाकू का ह्या गोळ्या नदीत? एका शब्दात सांगा, बुवा!"

केवढ्यानं ओरडला बाळगोंडा! समोर एकटे बुवा, तेही हातभर अंतरावर. पण अख्खी हयात यंत्रमागांत गेलेली, हळू बोलायला तो शिकणार कुठून? मठाच्या कौलांवरची कबुतरं भुर्रकन उडाली.

बाळगोंडा इचलकरंजीतल्या एका कारखान्यात जॉबर होता. बिघडलेला माग त्याच्या हाताखालून गेला की सुरू झालाच म्हणून समजा. त्याचा तोराही तसाच. कामगारांनी कानात घालायला बोळे मागितले, तेव्हा ह्यानं "बायकांसारखे कानात डूल घाला" म्हणून त्यांची टर उडवली होती.

आणि आता त्याचाच रक्तदाब वाढला होता. हात थरथरायचे, झोपेतून दचकून उठायचा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि वर बजावलं, आवाजापासून लांब राहा, नाहीतर हृदयावर बेतेल. बायको पद्मावती रडकुंडीला आली होती, पण हा पठ्ठ्या गोळीला हात लावेल तर शपथ!

"का रे टाकायच्या?" बुवांनी विचारलं.

"अहो, आवाजानं रक्तदाब वाढतोय म्हणे! मला तर तो खडखडाट ऐकूच येत न्हाई. मागाशेजारी खुशाल घोरतो मी. माग बंद पडला तरच जाग येती."

"असं?"

"व्हय तर! तुम्ही डोळे मिटून जे मिळवलं, ते मला कारखान्यात मिळालं. आवाज शिवतच न्हाई मला."

बुवा गालातल्या गालात हसले.

"आज कारखाना?"

"बंद. सुट्टी हाय."

"मग इथं किती शांत आहे बघ. सदरा काढ आणि पड जरा."

एवढंच ना? बाळगोंडा ऐटीत फरशीवर आडवा झाला. ह्या कुशीवर झाला, त्या कुशीवर झाला. छे! डोळा काही लागेना. त्या शांततेत त्याचा जीव नुसता कासावीस झाला.

"उताणा हो," बुवा म्हणाले.

त्यांनी अंगणातलं पिंपळाचं एक वाळकं पान उचललं आणि त्याच्या डाव्या छातीवर अलगद ठेवलं.

"आता श्वास रोख. आणि पानाकडे बघ."

बाळगोंडानं श्वास रोखला. मान उचलून पाहिलं...

पान उडत होतं. थड, थड, थड. मध्येच एक ठोका चुकायचा, की पुढचे दोन घाईनं यायचे.

"वारा आहे?"

बाळगोंडानं मान हलवली. न्हाई.

"तू हलवतोयस?"

न्हाई.

श्वास सुटला. तो धडपडून उठून बसला. कपाळावर घाम फुटला होता. सदऱ्याच्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट त्यानं चाचपून काढलं आणि मुठीत घट्ट धरलं. भ्याला होता तो, चांगलाच भ्याला होता.

"बुवा..." आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. "माग तर बंद हायेत. मग हे एवढं कशानं धडधडतंय?"

बुवांनी त्याच्या छातीवर तळवा टेकवला.

"तुझे कान कधीच सुटले, बाळगोंडा. त्यांच्या वाटणीचं सगळं हे बिचारं ऐकत बसलंय."