तुंगेची दवंडी आणि सातशे साळुंक्या

एका राज्यात राजा जन्माने होत नसे, खड्यांनी होत असे. गादी रिकामी झाली की तेराव्या दिवशी, भर दुपारी, सारी प्रजा थोरल्या तळ्याच्या बांधावर जमे. प्रत्येक उमेदवाराच्या निशाणाखाली एक रांजण मांडलेला असे. शेवटचा एक रांजण निशाणाविना असे. ज्याला कोणीच पसंत नसेल, त्याने आपला खडा त्यात टाकावा. ज्याच्या रांजणात खडे अधिक, त्याच्या हाती राज्य आणि तळ्याच्या चारही दारांच्या किल्ल्या.

त्या राज्यात पक्षी बोलत आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे. अंगणात साळुंकी उतरली की तिला मूठभर तांदूळ घालावेत, तिचे बोल मान खाली घालून ऐकावेत आणि ते उंबऱ्याबाहेर नेऊ नयेत, असा तिथला शिष्टाचार होता. साळुंक्या घरच्याच गोष्टी आणत: माहेरचा निरोप, लेकीची खुशाली, कोणाच्या दुखण्याची वार्ता. दुसऱ्याच्या साळुंकीने काय सांगितले, असे विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या माजघरात डोकावणे. लोक फार सभ्य होते, आणि त्या सभ्यतेतूनच त्यांचा घात झाला.

म्हातारा राजा निवर्तला. दोन निशाणे उभी राहिली. एक सोमदत्तेचे. ती तीस वर्षे तळ्याची दारे राखत होती. पायाने अधू, जिभेने तिखट. दुसरे मकरध्वजाचे. तो डोंगरापलीकडून आलेला मांत्रिक. त्याचा स्वतःचा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. खांद्यावरची साळुंकी त्याच्या वतीने बोले. त्याने सातशे पिंजरे उघडले आणि सातशे घरांच्या अंगणांत सातशे साळुंक्या उतरल्या. मग जुन्या शिष्टाचारावर त्याने मंत्राची गाठ मारली: साळुंकीचे बोल जो उंबऱ्याबाहेर नेईल, त्याला त्याची स्वतःची माणसे ओळखणार नाहीत.

कुंभारआळीत तुंगा राहत असे. दवंडी पिटणे हे तिचे काम. तिचा आवाज तीन आळ्या ओलांडून जाई आणि त्याचा तिला योग्य तो अभिमान होता. तिची लेक कुमुद यंदा पहिला खडा टाकणार होती. त्यांच्या अंगणात साळुंकी उतरली ती तुंगेच्या दिवंगत आईच्या आवाजात बोलली.

"तुंगे, सोमदत्ता निवडून आली की पूर्वेचे दार सताड उघडील. कुंभारआळी बुडेल. मकरध्वजाला खडा दे."

तुंगेचे डोळे भरून आले. तिने साळुंकीला दोन मुठी तांदूळ घातले आणि मकरध्वजाचा रांजण मनात पक्का केला.

दुसऱ्या दिवशी निवडीची दवंडी देत ती कोष्टीआळीत शिरली. हंसा कोष्टीण दारातच उभी होती.

"या कुंभारीणबाई, वाजवा हलगी! तुमचे काय जाते? तुम्हाला माती मिळाली की झाले. आमचे रंगाचे हौद कोरडे पडणार आहेत."

"कोण म्हणाले?"

"माझी साळुंकी! सोमदत्ता तळ्याची चारही दारे चिणून टाकणार. एक थेंब सुटायचा नाही."

बोलून गेल्यावर हंसेने तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. तिचा नवरा बाहेर आला आणि नम्रपणे म्हणाला, "बाई, आपण कोणाकडे आलात?"

"अहो, असे काय करता? मी हंसा!"

"हंसा माझ्या पत्नीचे नाव. ती माहेरी गेली असावी. आपल्याला पाणी हवे का?"

त्याने हात जोडले आणि दाराला आतून कडी लावली.

तुंगेच्या हातातली हलगी थांबली. सताड उघडलेले दार आणि चिणलेले दार, दोन्ही एकाच बाईच्या हातून कसे घडणार? ती तडक बांधावर गेली. सोमदत्ता दाराच्या साखळीला तेल लावत बसली होती.

साळुंकीचे नाव न घेता तुंगेने विचारले, "बाई, तुम्ही कुंभारआळी बुडवणार आहात का?"

सोमदत्तेने वरही पाहिले नाही. "तुंगे, तू रोज बांधावरून घरी कशी जातेस?"

"चढण चढून."

"मग पाणी काय काठी टेकत येणार आहे?"

तुंगेचा चेहरा उतरला. चाळीस वर्षे ती चढण तिच्या गुडघ्यांना ठाऊक होती. पक्ष्याने सांगितले तेव्हा मात्र तिने गुडघ्यांना विचारले नव्हते. आधी तिला लाज वाटली, मग लाजेचा संताप झाला.

उत्तरेच्या दाराच्या बुरुजावर एक करकोचा राहत असे. साऱ्या पक्ष्यांत तो वयाने वडील. तुंगेने त्याला नमस्कार केला.

"पक्षिराज, हंसेवर पडलेली ही मंत्राची गाठ कशी सुटेल?"

"तीन आळ्या, तीन माणसे," करकोचा म्हणाला. "तिघांनी आपापल्या साळुंकीचे बोल निवडीच्या दिवशी, या बांधावर, स्वतःच्या तोंडाने सांगावेत. तिसरा बोलला तर गाठ सुटेल. न बोलला तर आधीच्या दोघांना त्यांची माणसे कधीच ओळखणार नाहीत."

"पहिली मी," तुंगा म्हणाली.

दुसरी हंसा. ती आपल्याच घराच्या ओट्यावर परक्यासारखी बसून होती. "मी येते," ती म्हणाली. "माझे आता आणखी काय जायचे राहिले आहे?"

तिसऱ्यासाठी तुंगा माळीआळीत केरोबाकडे गेली. तो मोगऱ्याची छाटणी करत होता.

"केरोबादादा, तुमच्या साळुंकीने काय सांगितले?"

"असे विचारतात का कोणी?"

"मी विचारते आहे. या साळुंक्या खोटे सांगतात."

"नाही सांगणार. खोटे असले तरी आवाज बापाचा आहे, तुंगाक्का. अकरा वर्षांनी कानी पडला."

"तुमच्या वडिलांचा आवाज मीही पुष्कळ ऐकला आहे. माझ्या प्रत्येक दवंडीत ते एक चूक काढत. पण शेजाऱ्याची भीती त्यांनी तुम्हाला कधी घातली होती का?"

केरोबाची कात्री क्षणभर थबकली. "घरी जा," तो म्हणाला आणि त्याने पाठ फिरवली.

घरी कुमुदने सारे ऐकून घेतले. घरातल्या घरात बोलायला मंत्राची आडकाठी नव्हती.

"आई, आवाज आजीचाच होता."

"आवाज आजीचा होता. बोलणे आजीचे नव्हते."

"तू बांधावर बोललीस तर मी तुला ओळखणार नाही. केरोबाकाका येणारही नाहीत. मग जन्मभर मी तुला 'बाई, आपण कोण' म्हणायचे का? राहू दे ना गं."

तुंगेने तिला जवळ ओढले. "तुझा पहिला खडा आहे. तो भीतीने पडलेला मला पाहवणार नाही. तू मला विसरलीस तरी चालेल. पण कोणी तुला फसवले, हे मी विसरणार नाही."

तेरावा दिवस उजाडला. बांध माणसांनी फुलला. मकरध्वजाचा रांजण निम्मा भरत आला तोच हलगी कडाडली.

"ऐका हो ऐका! माझी साळुंकी म्हणाली, सोमदत्ता पूर्वेचे दार उघडून कुंभारआळी बुडवणार!"

रांगेतली कुमुद शेजारणीला म्हणाली, "ही बाई कोण गं? आवाज मोठा गोड आहे."

तुंगेने ते ऐकले. तरी हलगी थांबली नाही.

हंसा पुढे झाली. "माझी साळुंकी म्हणाली, चारही दारे चिणणार!"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मकरध्वजाच्या खांद्यावरची साळुंकी मंजुळ हसली.

"प्रजाजनहो, या दोघींना त्यांच्या घरची माणसेही ओळखत नाहीत. अशांचे बोलणे काय ऐकता? खडे टाका."

"टाका ना!" तुंगा गरजली. "पण टाकण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारा, त्याला काय सांगितले! मी विचारले. मला लाज वाटली नाही. फसल्याची मात्र वाटली!"

कोणी कोणाला विचारले नाही. एक खडा पडला, दुसरा पडला. तुंगा हलगी वाजवत राहिली. कातड्यावर तिच्या बोटांचे रक्त दिसू लागले, तरी ती वाजवत राहिली.

तेव्हा रांगेच्या शेवटून कोणी तरी खाकरले.

"माझी साळुंकी म्हणाली," केरोबा म्हणाला, "सोमदत्ता तळे बुजवून टाकणार. आणि ते तिने माझ्या बापाच्या आवाजात सांगितले. माझा बाप असे कधी बोलला नसता." त्याने मकरध्वजाकडे बोट केले. "माझ्या बापाचा आवाज परत कर."

मागून एक म्हातारी हसत सुटली. "अगं बाई! म्हणजे आधी चिणायचे, मग उघडायचे, मग बुजवायचे? या लंगडीला एवढी सवड तरी आहे का?"

बांधावर हशा पिकला आणि त्या हशात गाठ सुटली. सातशे घरांनी सातशे गोष्टी ओरडून सांगितल्या. साळुंक्यांच्या कंठांतले आवाज निघाले आणि जिथले होते तिथे गेले. साळुंक्या नुसत्या किलबिलत उडून गेल्या. मकरध्वजाने तोंड उघडले. आत आवाजच नव्हता. तो निशाण तिथेच टाकून डोंगराकडे चालू लागला. त्याला कोणी अडवले नाही, कोणी पोहोचवायलाही गेले नाही.

हंसेचा नवरा धावत आला. "अगं, तू माहेराहून कधी आलीस?" त्यावर हंसेने जे उत्तर दिले, ते इथे सांगण्याजोगे नाही.

तुंगेने तिन्ही रांजण उपडे करायला लावले. "पहिल्यापासून," ती म्हणाली. लोकांनी सोमदत्तेला समोर बसवून दोन घटका प्रश्न विचारले. तिने प्रत्येकाला उत्तर दिले, गोड एकालाही दिले नाही. केरोबाने आपला खडा निशाणाविना असलेल्या रांजणात टाकला आणि कारण तिच्या तोंडावर सांगितले: "तुम्ही फार खेकसता." ती म्हणाली, "खरे आहे." तरीही राज्य तिलाच मिळाले, आणि किल्ल्या तिच्या कमरेलाच राहिल्या.

निकालापूर्वी कुमुदची पाळी आली होती. मुठीत खडा घेऊन ती आईसमोर थांबली. "आई, तुझी बोटे," ती म्हणाली आणि पदर फाडून तिने पट्टी बांधली. मग ती रांजणांकडे वळली. तुंगेने रीतीप्रमाणे पाठ फिरवली.

खडा कोणत्या रांजणात पडला, हे तुंगेने विचारले नाही. कुमुदनेही सांगितले नाही. मग दोघी चढण चढून घरी गेल्या.

त्या राज्यात पक्षी अजून बोलतात आणि माणसे अजून एकमेकांना विचारतात. तिथे हे असे झाले. इथे काय व्हावे, ते ऐकणाऱ्यांच्या हाती आहे.